मुके आकडे

अर्थशास्त्राचा विद्यार्थी तीन वर्षांत जेवढे आकडे पाठ करतो, तेवढ्या ओव्या त्याच्या आजीनेही पाठ केल्या नसतील. दरडोई उत्पन्न, दारिद्र्यरेषा, बालमृत्यूचे प्रमाण, सरासरी पर्जन्यमान! उत्तरपत्रिकेत ते जसेच्या तसे उतरवले की गुण मिळतात आणि निकाल हाती पडला की ते विसरायला आपण मोकळे होतो. मात्र हे आकडे ज्या माणसांना मोजून काढले, त्या माणसांना ते कुणी कधी सांगितले का, हा प्रश्न मी अजून कोणत्याही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही. म्हणून तो या अंकात विचारावा असे ठरवले.

माझे मत आधीच सांगून टाकतो. माणसांकडून घेतलेला आकडा त्या माणसांकडे परत गेला पाहिजे. आणि परत जाताना तो तक्ता होऊन जाऊन चालणार नाही, त्याने गोष्ट होऊन गेले पाहिजे. गोष्ट म्हणजे थाप नव्हे. कुणाचे, कुठे, केव्हा, किती आणि मग काय झाले, एवढे ज्यात आहे ते सांगणे, इतक्याच साध्या अर्थाने मी हा शब्द वापरतो आहे.

मी कशेळ्याच्या बाजूचा. आमच्याकडे पावसाळ्यात पावसाखेरीज दुसरा विषय नसतो. कर्जत-खालापूरच्या डोंगरकुशीत तो कसा कोसळतो, हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको. हल्ली या पावसाच्या बातम्या मोबाईलवर येतात: अमुक मंडळात एवढे मिलिमीटर, तमुक तालुक्यात तेवढे मिलिमीटर, रायगड जिल्ह्याला लाल इशारा. गेल्या पावसाळ्यात असाच एक आकडा मी ठाकरवाडीतल्या एका आजीला वाचून दाखवला. आजीने शांतपणे विचारले, "पोरा, ह्ये मिलिमीटर म्हंजे किती पायल्या रं?"

वर्गात हा प्रश्न कुणी केला असता तर हशा पिकला असता. पण प्रश्न अगदी रास्त आहे. आजीला मोजता येत नाही असे मुळीच नाही. अधोली, पायली, मण, खंडी या मापांत तिचे सारे आयुष्य गेले. आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपले की खावटीला एक मण भात आणायचे आणि सुगीला दीड मण फेडायचे, हा हिशेब तिच्या पिढीने पाटीपेन्सिलीशिवाय केला आणि त्याचे चटके सोसले. व्याजाचा शेकडा दर तिला कुणी शिकवला नाही, पण पन्नास टक्के म्हणजे काय हे तिला आपल्यापेक्षा चांगले कळते. कारण तिच्यापाशी तो आकडा घरातल्या रिकाम्या कणगीच्या रूपाने आला. कशेळ्याच्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्यबँका उभ्या केल्या, त्या लोकांच्या पचनी पडल्या याचे एक कारण मला हेच दिसते. तिथला हिशेब रुपये-टक्क्यांत न ठेवता धान्यात ठेवला होता. नेले किती, परत करायचे किती, हे डोळ्यांनी दिसत होते.

तेव्हा मिलिमीटरच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे. ते अवघड नाही, फक्त आपण कधी देत नाही. सरळ बाजूंचा एखादा डबा अंगणात उघड्यावर ठेवावा. त्यात जेवढे उंच पाणी साचेल तेवढा पाऊस. महसूल खात्याच्या हिशेबी चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी. डब्यात ते पाणी आडव्या बोटांनी मोजले तर साडेतीन बोटे भरते. बोट, वीत, हात ही मापे घरोघर आहेत. "आज रात्री डब्यात साडेतीन बोटांवर पाणी गेले तर सावध राहा," हे वाक्य कळायला शाळेचा दाखला लागत नाही.

आता या मापाने एक आकडा मोजू. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगराचा कडा कोसळला. त्याआधीच्या तीन दिवसांत त्या परिसरात ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता, असे सरकारने विधानसभेत सांगितले. ४९९ हा आकडा वाचून तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? माझ्यापुढे प्रथम काहीच उभे राहिले नाही. मग बोटांनी मोजून पाहिले. हातभर, आणि वर दोन बोटे. म्हणजे पाणी जागच्या जागी थांबले असते तर त्या साऱ्या उतारावर ते माणसाच्या गुडघ्याला लागले असते. आणखी एक हिशेब करून पाहिला. एका गुंठ्यावर ४९९ मिलिमीटर म्हणजे पन्नास हजार लिटर पाणी. उन्हाळ्यात आमच्याकडे दहा हजार लिटरचा टँकर येतो. तसले पाच टँकर एका गुंठ्यावर ओतायचे, दुसऱ्या गुंठ्यावर आणखी पाच, आणि असे करत डोंगरभर जायचे. एका एकराला दोनशे टँकर. लिटरला किलो धरला तर एका गुंठ्यावर पन्नास टन ओझे आले. यातले बरेचसे पाणी ओढ्या-ओहोळांनी वाहून जाते हे खरे; पण जे मुरते तेच माती सैल करते आणि तेच तिचे वजन वाढवते.

हे सगळे गणित सातवीचे आहे. मात्र ते करून कुणी वाडीवर जाऊन सांगितले, असे मी ऐकलेले नाही.

इर्शाळवाडीत ४८ घरे होती आणि २२८ माणसे राहत होती. २७ मृतदेह हाती लागले. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा ५७ माणसांचा पत्ता नव्हता. दरडप्रवण गावांची जी यादी सरकारपाशी होती तीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, हेही विधानसभेतच सांगितले गेले. यावर पुष्कळ लिहिले गेले, यादी अपुरी होती अशी टीका झाली, आणि ती योग्यच होती. पण मला त्याच्या पुढचा प्रश्न पडतो. समजा, नाव यादीत असते. मग? ती यादी तहसील कचेरीतल्या कपाटात असते. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. यादीला वर जायला कोणता रस्ता होता? ज्यांची नावे अशा याद्यांत आहेत त्या गावांतल्या किती माणसांना ते ठाऊक असते? माळीणची दरड ३० जुलै २०१४ ची, तळियेची २२ जुलै २०२१ ची, इर्शाळवाडीची १९ जुलै २०२३ ची. तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या. ही एवढी साधी गोष्ट तरी दरवर्षी आषाढात डोंगरकुशीतल्या प्रत्येक वाडीत सांगितली जावी की नाही? ती सांगताना सोबत हेही सांगावे की झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, जमिनीला नवी भेग पडली, झाडे कलली, घराचे दार चौकटीत अडकू लागले, की समजावे डोंगर हलतो आहे. दळी जमिनीवर नाचणी-वरी लावणाऱ्या माणसाला यातले प्रत्येक चिन्ह ओळखता येते. त्याचे निरीक्षण आणि कचेरीतला मिलिमीटर यांची गाठ घालून देणारा कुणी नाही, एवढीच उणीव आहे. एवढीच म्हणतो खरा, पण ती लहान नव्हे.

आकड्याला लोकांच्या घरातल्या मापाने मोजण्याची ही युक्ती नवी नाही. आपल्या अभ्यासक्रमातले दादाभाई नौरोजी आठवा. हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न वीस रुपये, हा त्यांचा आकडा आपण सगळेच लिहितो. पण १८७६ साली हा आकडा मांडताना ते वीस रुपयांवर थांबले नव्हते. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करते याचे हिशेब त्यांनी सरकारी अहवालांतूनच काढले आणि शेजारी ठेवले. गुन्हेगाराला जगवायला जेवढे लागते तेवढेही निरपराध रयतेच्या वाट्याला येत नाही! दादाभाई एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित शिकवत. अंकाची ताकद कशात आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपली पाठ्यपुस्तके मात्र वीस रुपये ठेवतात आणि कैदी गाळतात.

जोतीराव फुल्यांनी हेच काम निराळ्या रीतीने केले. 'शेतकऱ्याचा असूड' हे त्यांचे १८८३ चे पुस्तक. त्यात सारावाढ आहे, नोकरशाहीचा खर्च आहे, कर्ज आहे. आणि मधोमध सारावाढीने पिचलेला, स्वतःशीच बोलणारा एक शेतकरीही आहे. सरकारी अहवालात 'रयत' या एका शब्दात जो बसवला जातो, त्याला जोतीरावांनी अंगावर कपडे, डोक्यावर कर्ज आणि तोंडात भाषा दिली. अर्थशास्त्राच्या आणि मराठीच्या प्राध्यापकांनी हे पुस्तक एकाच तासाला एकत्र शिकवावे अशी माझी फार इच्छा आहे. वेळापत्रकात ते बसणार नाही हेही मला माहीत आहे. असो.

अलीकडचे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. आणि त्यांपैकी पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले आणि जगभरच्या तज्ज्ञांनी वाचले. पण ९२ हा आकडा आपल्यासारख्याला कळतो तो राणीताईंच्या 'कानोसा' या मराठी पुस्तकातून. तिथे त्या स्त्रिया स्वतःच्या शरीराविषयी स्वतःच्या शब्दांत बोलतात. पुढे महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा अहवाल आला, त्याला नाव दिले होते 'कोवळी पानगळ'. दोन शब्द, पण ते एकदा ऐकले की बालमृत्यूचा दर हा दर राहत नाही.

आता आक्षेपाकडे वळतो, कारण तो मला आमच्याच प्राध्यापकांकडून ऐकावा लागला आहे. त्यांचे म्हणणे असे की गोष्ट भावनेला हात घालते आणि विवेकाला झोपवते. एक रडणारे मूल दाखवले की हजार न रडणारी मुले विसरली जातात. आक्षेप निम्मा खरा आहे. इर्शाळवाडीनंतर वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून कितीतरी हृदयद्रावक कहाण्या आल्या; आठ-पंधरा दिवस सगळे हळहळले, आणि इतर वाड्यांच्या यादीचे काय, हा रुक्ष प्रश्न त्या हळहळीत वाहून गेला. सर्वांत करुण तीच गोष्ट निवडायची, हा मोह सांगणाऱ्याला होतोच. माझ्या मते कसोटी अशी लावावी: गोष्ट ऐकून झाल्यावर ऐकणाऱ्याने "कितींपैकी किती?" असे विचारले तर सांगणाऱ्यापाशी उत्तर असले पाहिजे, आणि गोष्टीतला माणूस त्या कितींपैकीच एक, चारचौघांसारखा असला पाहिजे, लाखात एक नव्हे. असे उत्तर नसेल तर ती गोष्ट कीर्तनात सांगावी, अहवालात नको.

पण आक्षेपाचा उरलेला निम्मा भाग मला मान्य नाही. विवेकाला झोपवणे हे आकड्यालाही उत्तम जमते. आमच्या भागातलेच घ्या. अंगणवाडीत मुलांची वजने होतात, दंडाला पट्टी लावून घेर मोजतात. पट्टीवर तीन रंग असतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. वजने वहीत जातात, वहीतून तक्त्यात, तक्ता तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. तक्ता वरच्या दिशेने चढतो; खाली उतरताना मी तो पाहिलेला नाही. आईला "वजन कमी आहे, खायला घाला" एवढे ऐकू येते. दीड वर्षाच्या मुलीचे वजन साधारण दहा किलो असायला हवे आणि तुझी सातवर आहे, म्हणजे तिच्या वाट्याचे तीन किलो अंगावर चढलेलेच नाही, असे तिला कुणी समजावत नाही. वास्तविक आईकडे स्वतःचे मोजमाप असते. लेकराच्या कमरेचा करदोडा सैल झाला की तिला कळते. करदोड्याशी पट्टीचा संबंध जोडून दाखवला तर ती पट्टी तिची होईल.

तक्ता वर चढला की काय होते ते पाहा. समजा, एका कातकरवाडीत चाळीस मुले आहेत आणि त्यांतली सहा तीव्र कमी वजनाची आहेत. शंभरात पंधरा. दिवाळीनंतर वाडीतली काही बिऱ्हाडे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात. त्यांच्याबरोबर पंधरा मुले गेली, आणि त्या सहांपैकी चार त्यांतच होती, असे धरू. कारण ज्यांच्या घरात धान्य आधी संपते तीच घरे आधी बाहेर पडतात. आता वाडीत पंचवीस मुले राहिली आणि कमी वजनाची दोन. शंभरात आठ! पंधराचे आठ झाले. एकाही मुलाचे वजन एका ग्रॅमने वाढलेले नाही, तरी कागदावर कुपोषण निम्म्यावर आले. जिल्ह्याला बसलेल्या अधिकाऱ्याला यात सुधारणा दिसेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. त्याच्या हातात टक्केच आहेत. बिऱ्हाड पाठीवर टाकून निघालेली आई या टक्क्यांत नाही. हा आकडा खोटा नाही, त्याची बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे. तो फक्त मुका आहे. त्याला बोलते करायचे तर "ती पंधरा मुले कुठे गेली?" असे कुणीतरी विचारायला हवे. असा प्रश्न गणितातून येत नाही, गोष्ट ऐकण्याच्या सवयीतून येतो. "मग पुढे काय झाले?" हे विचारायला आपल्याला आजीने शिकवलेले असते.

आकडा आणि माणूस एकाच मांडवात आणण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिले जिल्हे पाच: अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि आपल्या शेजारचे ठाणे. गावातल्या लोकांनीच माहिती गोळा करायची, तिचे प्रगतिपुस्तक करायचे आणि ते हिरवा, पिवळा, लाल अशा तीन रंगांत मांडायचे. मग जनसुनवाई. समोर आरोग्य अधिकारी बसलेले, मांडवात गावकरी. पत्रक वाचले जाते आणि ज्याच्यावर प्रसंग ओढवला तो माणूस उठून आपली हकिगत सांगतो. यात दोन्ही गोष्टी एकमेकांना धरून राहतात. नुसती हकिगत असती तर अधिकारी म्हणाले असते, असे एखादे वेळी घडते. नुसता लाल रंग असता तर म्हणाले असते, पाहू या. लाल रंग आणि उभा माणूस एकत्र आले की उत्तर द्यावे लागते. शिवाय इथे सांगणारा तोच असतो ज्याला मोजलेले असते. मला ही बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. दुसऱ्याची गोष्ट आपण सांगू लागलो की तीत आपल्या सोयीचे रंग भरले जातात, मग हेतू कितीही चांगला असो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे सरकारने आणि संस्थांनी करावे, कला शाखेच्या विद्यार्थ्याचा यात काय संबंध? मी तर म्हणतो, संबंध असेल तर आपलाच आहे. विज्ञानवाले मोजतील, वाणिज्यवाले बेरीज करतील. सांगणे हा आपला विषय. तीन वर्षे आपण कथा, लोकगीते, इतिहास, समाजशास्त्र शिकतो ते कशासाठी? ठाकर समाजातली मुले आपल्या वर्गात आहेत, त्यांच्या घरात ढोलनाचाची गाणी आहेत, रात्र रात्र चालणाऱ्या गोष्टी आहेत. साडेतीन बोटांचा पाऊस त्या बोलीत कसा सांगायचा, हे माझ्यापेक्षा त्यांना कळेल.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत ठिकठिकाणी गाव-सर्वेक्षण होते. घरे किती, शौचालये किती, शाळेत न जाणारी मुले किती, विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत, असे छापील नमुने भरले जातात. त्यांचा अहवाल बांधून विद्यापीठाला जातो. माझी मागणी एवढीच आहे की तसा अहवाल विद्यापीठाला जाण्यापूर्वी एका संध्याकाळी त्या गावच्या देवळात किंवा समाजमंदिरात वाचावा. सगळा नको, पाचच आकडे घ्यावेत. प्रत्येक आकड्याला गावातलेच माप द्यावे: हंडे, पायल्या, बोटे, घराच्या ओळी. विहीर आटण्याचा महिना सांगून झाला की गावातल्याच एखाद्या बाईने त्या महिन्यातला तिचा दिवस पहाटेपासून सांगावा. आपण खाली बसून ऐकावे, आणि आकडा चुकला असे गाव म्हणाले तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावा.

फक्त तारखेचा विचार आधी करावा लागेल. ही शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरतात. आमच्याकडच्या कातकरवाड्या तेव्हा अर्ध्या रिकाम्या असतात, दारांना कुलुपे किंवा नुसती काटकी अडकवलेली. भट्टीवर गेलेली माणसे परततात ती होळीनंतर, कुणी अक्षय्य तृतीयेला. आपले सर्वेक्षण आणि आपले वाचन दोन्ही दिवाळीच्या आत, भाताची कापणी उरकली की लगेच घ्यावे लागेल. सहामाही परीक्षा त्याच सुमारास असते. ती आठ दिवस पुढे ढकलता येते का, एवढे प्राचार्यांनी पाहावे.